प्रागच्या पुलावरचं लांब टेबल

मित्रहो, ३० जून २०२०ची संध्याकाळ. झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग, व्ल्टावा नदी, आणि तिच्यावरचा साडेसहाशे वर्षांपूर्वी पाया घातलेला दगडी चार्ल्स पूल. एरवी त्या पुलावर पर्यटकांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी पर्यटक नव्हते, आणि पुलावर एक टेबल मांडलं होतं. सुमारे पाचशे मीटर लांबीचं. दोनेक हजार माणसं घरून खाणं-पिणं घेऊन आली होती. शेजारच्या अनोळखी माणसाला आपल्यातलं वाढत होती, त्याचं चाखत होती. हे जेवण म्हणजे कोरोनाला निरोप होता.

आज ती छायाचित्रं पाहून हसणारे मला भेटतात. मला हसू येत नाही. त्या लोकांनी वसंत ऋतूत खरोखर मोठं काम केलं होतं. १९ मार्चपासून घराबाहेर तोंड-नाक झाकणं त्यांच्याकडे सक्तीचं झालं, युरोपात जवळजवळ सगळ्यांच्या आधी. बाजारात मास्क नव्हते, तेव्हा घरोघरी शिवणयंत्रं चालली आणि लोकांनी शेजाऱ्यांसाठीही मास्क शिवले. पहिल्या लाटेत त्या देशात एका दिवसातले सर्वाधिक रुग्ण चारशेसुद्धा नव्हते. जूनअखेर एकूण मृत्यू साडेतीनशेच्या आसपास. इटलीत, स्पेनमध्ये हजारोंनी माणसं गेली असताना हा आकडा. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. तुम्हा-आम्हालाही तेच वाटलं असतं.

ऑक्टोबरअखेर त्याच देशात काही दिवशी पंधरा हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. लोकसंख्येच्या प्रमाणात तो युरोपातला सर्वांत वाईट फटका बसलेला देश ठरला होता. प्रागच्या प्रदर्शन मैदानात लष्कर खाटा मांडत होतं. वर्ष संपलं तेव्हा मृत्यू अकरा हजारांवर गेले होते.

मधल्या चार महिन्यांत काय झालं, एवढंच आज मला सांगायचं आहे. मी साथरोगशास्त्र शिकवतो आणि या चार महिन्यांकडे पुन्हा पुन्हा परत जातो. लाट चढलेली असताना काय करायचं ते सगळ्यांना दिसतं. लाट ओसरलेली असताना काय करायचं, ते दिसत नाही.

माझी भाची तेव्हा जर्मनीत, बीलेफेल्डला शिकत होती. जूनच्या सुरुवातीला तिचा फोन आला. मुंबईत तेव्हा खाटांसाठी रात्र-रात्र फोन चालले होते, आणि ती सांगत होती, “मामा, इथे आटोपलंय सगळं. दुकानं उघडली, बागेत लोक बसतायत. तुमचं कसं होणार गं बाई असं आईला म्हणत होते.” मी तिला विचारलं, तिथे रोज किती रुग्ण सापडतात? ती म्हणाली, “काहीशे. एवढ्या मोठ्या देशात काहीशे म्हणजे नाहीतच की.”

ते “नाहीतच की” मला खटकलं. फोनवर मात्र मी काही बोललो नाही.

स्पेनने त्या वसंतात एक फार चांगलं काम केलं. साठ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासून, किती जणांच्या शरीरात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, ते मोजलं. देशात हजारो प्रेतयात्रा निघून गेल्या होत्या, माद्रिदच्या बर्फावरच्या खेळाच्या मैदानाचं शवागार झालं होतं. एवढं होऊन उत्तर आलं, पाच टक्के. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव जणांची आणि विषाणूची अजून गाठच पडलेली नव्हती. टाळेबंदीने माणसांना माणसांपासून दूर ठेवलं होतं. साथ थांबली ती त्यामुळे. विषाणू होता तसाच होता, आणि त्याला लागणारी माणसंही जवळपास होती तेवढीच होती.

प्रागच्या जेवणाच्या पाच दिवस आधी, २५ जूनला, जागतिक आरोग्य संघटनेचे युरोप विभागाचे संचालक हान्स क्लूगे यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की अनेक महिन्यांत पहिल्यांदाच युरोपातली आठवड्याची रुग्णसंख्या पुन्हा वाढली आहे, आणि ११ ठिकाणी ती वेगाने उसळते आहे. त्यांच्या यादीत आर्मेनिया, मोल्डोव्हा, अल्बानिया, युक्रेन अशी नावं होती, स्वीडनही होता. पश्चिम युरोपातल्या पुष्कळांना ती बातमी लांबची वाटली.

लांबची नव्हती. कोणाच्या घरात शिरायचं ते विषाणूने आधीच निवडलं होतं, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

भाचीच्या फोननंतर पंधरा दिवसांत तिच्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव जगभर गेलं, ग्युटर्सलोह. तिथल्या एका प्रचंड मोठ्या मांसप्रक्रिया कारखान्यात दीड हजारांहून जास्त कामगारांना संसर्ग झाला. २३ जूनला त्या आणि शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. हे कामगार कोण? बरेचसे रुमानिया, बल्गेरिया, पोलंडहून आलेले. कारखान्याच्या थेट नोकरीत नव्हे, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे. एका खोलीत कितीतरी जण, कामावर जायला एकच गाडी. आणि कारखान्यात मांस टिकावं म्हणून थंडगार, आतल्या आत फिरवलेली हवा. त्याच कारखान्यातल्या मे महिन्यातल्या संसर्गाचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. त्यात दिसलं की एका बाधित कामगारापासून आठ मीटरहून लांब उभ्या असलेल्यांपर्यंत विषाणू पोचला होता. दीड मीटर अंतर ठेवा, हे सांगणाऱ्या पाट्या तिथे काय उपयोगाच्या?

ग्युटर्सलोहच्या लोकांना मग सुट्टीच्या ठिकाणी कोणी घेईना. बव्हेरियाने हॉटेलांना सांगितलं, चाचणी केल्याचा कागद असल्याशिवाय या जिल्ह्यातला माणूस ठेवून घेऊ नका. शिक्षा सगळ्या जिल्ह्याला झाली, आणि ज्यांच्या खोल्या मुळात तशा ठेवल्या गेल्या होत्या ते कामगार कुंपणाआड विलगीकरणात बसले. जर्मन सरकारने पुढे कायदा केला आणि १ जानेवारी २०२१पासून कत्तलखान्यांच्या मुख्य कामात अशी उपकंत्राटी पद्धत बंद केली. साथीतून निघालेली ही एक खरी सुधारणा. पण तिच्यासाठी आधी दीड हजार माणसं आजारी पडावी लागली.

तिकडे स्पेनमध्ये, कॅटलोनियात, लेइडा शहराभोवतीच्या सेग्रिया भागात पीच आणि इतर फळांची तोडणी सुरू झाली होती. आपल्याकडे ऊसतोडीला जशा टोळ्या निघतात तसे तिथे हंगामाला मजूर येतात, त्यात आफ्रिकेतून आलेले पुष्कळ. काहींना राहायला जागा नाही म्हणून शहराच्या रस्त्यांवर झोपायचे. ४ जुलैला सुमारे दोन लाख वस्तीचा तो सगळा भाग बंद करावा लागला. साथीसाठी देशात लावलेली आणीबाणी उठून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते.

आता याच बागांशी जोडलेली एक गोष्ट, जी शास्त्रज्ञांना नंतर कळली. विषाणूच्या जनुकांत बारीकसारीक बदल होत राहतात, आणि त्यांवरून कुठला विषाणू कुठून कुठे गेला याचा माग काढता येतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एमा हॉडक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा माग काढला. विषाणूचा एक प्रकार उन्हाळ्याच्या सुरुवातीला ईशान्य स्पेनमध्ये, शेतमजुरांमधल्या संसर्गात दिसतो. तिथून तो आसपासच्या वस्तीत जातो. मग सुट्टीवर आलेल्यांबरोबर विमानात बसतो, आणि शरद ऋतूपर्यंत ब्रिटनसह अनेक देशांत सर्वाधिक आढळणारा प्रकार होतो. लक्षात घ्या, तो मुळात जास्त संसर्गजन्य असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याला प्रवासाने पसरवलं. ब्रिटनने १० जुलैपासून स्पेनहून येणाऱ्यांचं विलगीकरण माफ केलं होतं. २६ जुलैला ते घाईघाईने पुन्हा लावलं, पण मधल्या दोन आठवड्यांत माणसं घरी पोचली होती.

उन्हाळ्यात एक सोपं स्पष्टीकरण सगळीकडे फिरत होतं: पोरं पार्ट्या करतात म्हणून वाढतंय. बाधितांमध्ये विशी-तिशीतले जास्त होते हे खरंच. पण विशीतला मुलगाच हॉटेलात वाढपी असतो, गोदामात खोकी उचलतो, चार जणांत खोली घेऊन राहतो. शिवाय मार्चमध्ये चाचण्या इतक्या कमी होत्या की इस्पितळात पोचेल त्याचीच व्हायची. उन्हाळ्यात सौम्य आजारी तरुणही मोजणीत येऊ लागले. रुग्ण वाढले तरी मृत्यू वाढत नव्हते, म्हणून काही जाणती माणसंही म्हणाली की विषाणू मवाळ झाला. मवाळ काही झाला नव्हता. आज लागण, पाच-सहा दिवसांनी ताप, आणखी आठवड्याने इस्पितळ, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मृत्यूचा आकडा. आणि तरुणाकडून आईकडे, आईकडून आजोबांकडे जायला लागणारे दिवस निराळेच.

प्रागमध्ये हे ओळखणारं कोणी नव्हतं असं नाही. ऑगस्टच्या मध्यावर आरोग्यमंत्री आदाम वॉयतेख यांनी जाहीर केलं की १ सप्टेंबरपासून बंद जागांत पुन्हा मास्क. लोक चिडले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रादेशिक निवडणुका होत्या, आणि काही दिवसांतच पंतप्रधान आंद्रेय बाबिश यांच्या दबावाने तो निर्णय बराचसा मागे घेतला गेला. २१ सप्टेंबरला वॉयतेख यांनी राजीनामा दिला. आपली चूक झाल्याचं बाबिश यांनीही दूरचित्रवाणीवरून कबूल केलं. पाच आठवडे गेले होते. मार्चमध्ये घरी मास्क शिवणारे हेच लोक. त्यांना ऑगस्टमध्ये नीट समजावून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, हे मला पटत नाही.

पाच आठवडे म्हणजे किती, याचा हिशेब जर्मनीच्या चान्सेलर अँजेला मर्केल यांनी सप्टेंबरअखेर मांडला. बाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, जूनअखेर काही दिवशी ३०० रुग्ण होते. ते ६०० झाले, मग १,२००, आता २,४००. तीन महिन्यांत तीनदा दुप्पट. असंच चाललं तर पुढच्या तीन महिन्यांत ४,८००, ९,६००, आणि नाताळात रोज १९,२००.

सावकाराचं व्याज आठवा. पहिल्या वर्षी कर्जदाराला काहीच वाटत नाही, कारण रक्कम लहान असते. व्याजाचा दर मात्र पहिल्या दिवसापासून तोच असतो. भाचीचं “नाहीतच की” तेच होतं: तिने रक्कम पाहिली, दर पाहिला नाही. मर्केलबाईंचा आकडा तेव्हा अनेकांना अवाच्या सवा वाटला. प्रत्यक्षात नाताळपर्यंत थांबावंच लागलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जर्मनीने तो ओलांडला. तीन महिन्यांचं काम पाच-सहा आठवड्यांत झालं.

दर वाढला कसा? थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या, माणसं आत आली, हे एक कारण. दुसरं कमी बोललं जातं. जर्मनीने मे महिन्यातच एक मर्यादा ठरवली होती, लाख वस्तीत आठवड्याला ५० नवे रुग्ण. ही मर्यादा आली संपर्कशोधावरून. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात बसलेली माणसं प्रत्येक रुग्णाला फोन करतात, तो कोणाकोणाला भेटला ते विचारतात, त्यांना घरी बसवतात. साधारण पन्नासपर्यंत हे जमतं. त्यापुढे फोन करणारे हात कमी पडतात, काही साखळ्या सुटतात, सुटलेल्या साखळ्यांतून नवे रुग्ण येतात, आणि त्यांच्यामुळे आणखी सुटतात. विहिरीचा काठ ढासळायला लागला की प्रत्येक दगड पुढच्याचा आधार काढून घेतो, तसं. ऑक्टोबरमध्ये युरोपभर हे झालं.

ब्रिटनमध्ये ३ ते ३१ ऑगस्ट सोमवार ते बुधवार हॉटेलात बसून जेवलात तर निम्मं बिल, माणशी दहा पौंडांपर्यंत, सरकार भरत होतं. २१ सप्टेंबरला सरकारच्याच शास्त्रीय सल्लागारांनी थोडक्या काळाची टाळेबंदी सुचवली. इंग्लंडमध्ये टाळेबंदी आली ५ नोव्हेंबरला. फ्रान्समध्ये ३० ऑक्टोबरला आली होती.

कोणी म्हणेल, मग उघडायलाच नको होतं का? मी तसं म्हणणार नाही. हातावर पोट असलेल्यांना घरात कोंडून वर्ष काढता येत नाही, शाळा बंद ठेवून मुलांचं जे होतं ते आपण पाहिलंय. उघडायला हवंच होतं. पण मे ते ऑगस्ट हे महिने फार मोठी किंमत देऊन विकत घेतलेले होते. त्या महिन्यांत फोन करणारी माणसं नेमायची होती. मजुरांच्या खोल्या बघायच्या होत्या. आजारी मजुराला घरी बसण्याचा पगार द्यायचा होता. वर्गांच्या खिडक्या उघडतात का, ते पाहायचं होतं. जर्मनीने खिडक्या उघडायचा सल्ला आपल्या घोषवाक्यात घातला तो सप्टेंबरअखेर, उन्हाळा सरल्यावर.

आपल्याबद्दल फार बोलत नाही, तुम्ही सगळे त्यातून गेला आहात. जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्रात रोजचे रुग्ण दोन-तीन हजारांवर आले होते आणि लग्नाच्या हॉलांच्या तारखा भरल्या होत्या. फेब्रुवारीत अमरावतीत आकडे चढायला लागले तेव्हा “विदर्भातलं आहे” असं पुण्यात म्हणणारी माणसं मी स्वतः ऐकली. आर्मेनिया आणि मोल्डोव्हाबद्दल पश्चिम युरोपात तेच म्हटलं गेलं होतं. २१ मार्चला आपल्याकडे एका दिवसात तीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले. १८ एप्रिलला ६८,६३१.

आपल्या त्या तीस हजारांच्या दुसऱ्याच दिवशी, २२ मार्च २०२१ला, प्रागमध्ये लोक पुन्हा जमले. देशातल्या पहिल्या कोरोना मृत्यूला त्या दिवशी वर्ष झालं होतं. चार्ल्स पुलापासून दहा मिनिटं चालत गेलं की जुन्या शहराचा चौक लागतो. त्या चौकाच्या दगडी फरसबंदीवर पांढऱ्या रंगाने फुल्या काढल्या होत्या, गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. सुमारे पंचवीस हजार. लोक येत होते, आपल्या माणसासाठी एक फुली निवडत होते, आणि खाली बसून खडूने तिच्याशेजारी नाव लिहीत होते.