करिबाच्या पाण्यावर तीन रात्री

श्रोतेहो, नमस्कार. बडोदेकरांना मगरीचे नवल सांगू नये, हे मला ठाऊक आहे. विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना काठावर पहुडलेली मगर आपल्याला सहज दिसते, आणि 2024 च्या ऑगस्टमधील पुरात तर मगरी आपल्या सोसायट्यांच्या आवारापर्यंत येऊन गेल्या. तरीही मगरींच्या शेजारात तीन रात्री स्वस्थ झोप लागू शकते, याचा अनुभव मला आणि माझ्या यजमानांना आला तो आफ्रिकेतील करिबा सरोवरावर, एका हाउसबोटीत.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या झांबेझी नदीवर 1950 च्या दशकाच्या अखेरीस धरण बांधले गेले, आणि त्यामागे जे पाणी साठले ते आज साठ्याच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठे मानवनिर्मित सरोवर मानले जाते. त्याची लांबी सुमारे 280 किलोमीटर आहे. म्हणजे बडोद्याला गाडीत बसावे, डहाणूला उतरावे, आणि तोवर खिडकीबाहेर पाणीच पाणी असावे. सयाजीराव महाराजांनी शहरासाठी बांधलेला आजवा तलाव पाहत मी वाढले. लहानपणी तोच मला समुद्राएवढा वाटत असे.

हरारेला राहणाऱ्या माझ्या भाचीने बोट ठरवून दिली होती. बोट दुमजली होती, आणि तिच्यावर कप्तान, स्वयंपाकी व हाताखालचा एक मुलगा अशी तीन माणसे होती. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. प्रवासात तासातासाचे वेळापत्रक खिशात बाळगणारे. मोबाइलची रेंज पहिल्या तासातच गेली, आणि बोट आपल्या संथ चालीने दक्षिणेकडील मातुसादोना राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याकडे निघाली. ‘आता पुढचा कार्यक्रम काय?’ असे यांनी कप्तानाला तीनदा विचारले, आणि तिन्ही वेळा त्याने गंभीरपणे ‘चहा’ एवढेच उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी हे वरच्या डेकवर आरामखुर्चीत घोरत होते आणि वेळापत्रकाचा कागद चष्म्याखाली दडपलेला होता.

किनाऱ्यावर पायी उतरायचे नाही, पाण्यात उडी मारायची नाही, हा तेथील साधा नियम. ज्यांना डुंबायचेच असेल त्यांच्यासाठी बोटीच्या मागच्या बाजूने एक लोखंडी पिंजरा पाण्यात सोडतात. कमाटीबागेत आपण बाहेर उभे राहून कुंपणाआडची मगर पाहतो. येथे हे स्वतःच पिंजऱ्यात गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे होते, आणि मगरी कुठेतरी बाहेर मोकळ्या होत्या. मी अर्थातच वर बसून शेंगदाणे खात होते.

अंधार पडण्यापूर्वी बोट एखाद्या खाडीत काठाला लावून दोर बांधत. ऑगस्टमध्ये तिकडे कोरडा ऋतू असतो. पाणी मागे सरते, उघड्या पडलेल्या काठावर गवत उगवते आणि त्यासाठी हत्ती व रानरेडे पाण्यापर्यंत येतात. एका संध्याकाळी हत्तीण आमच्यापासून इतक्या जवळ चरत होती की, ती गवताचा झुबका सोंडेने उपटून त्याची माती झाडण्यासाठी पायावर आपटत होती तो आवाजही स्पष्ट ऐकू येत होता. रात्री जनरेटर बंद झाला की बोटीखालचे पाणी, पाणघोड्यांचे हुंकार, आणि नैर्ऋत्येला त्रिशंकूचे तारे. आपल्याकडे त्रिशंकू क्षितिजाला टेकून जेमतेम दिसतो. तिकडे तो चांगला वर असतो.

या सगळ्या शांततेत एक गोष्ट मात्र सतत डोळ्यांत भरत होती. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते, कारण 1958 साली पाणी चढू लागले तेव्हा तेथे जंगल होते. बेटांवर अडकलेली सहा हजारांहून अधिक जनावरे पुढील काही वर्षांत बोटींनी सोडवून आणण्यात आली, आणि ‘ऑपरेशन नोहा’ या नावाने ती मोहीम जगभर गाजली. खोऱ्यातील सुमारे 57,000 टोंगा लोकांना घरे सोडावी लागली, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. डभोई-वाघोडियाकडील नर्मदा विस्थापितांच्या वसाहती पाहिलेल्या आपल्यासारख्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

आमचा स्वयंपाकी टोंगाच होता. आम्ही शाकाहारी म्हणून तो मक्याच्या पिठाचा साद्झा करी, जो आपल्या उकडीच्या जवळचा पण अधिक घट्ट असतो, आणि सोबत शेंगदाण्याच्या कुटातील पालेभाजी. झांबेझीत न्यामी न्यामी नावाचा, सापाच्या अंगाचा आणि माशाच्या तोंडाचा देव राहतो, आणि धरणाच्या बांधकामावर 1957 व 1958 मध्ये आलेले मोठे पूर हा त्याचाच कोप होता, असे या स्वयंपाक्याच्या आजोबांचे म्हणणे होते.

शेवटच्या संध्याकाळी मी त्याला आजोबांचे गाव कुठे होते, असे विचारले. त्याने हातातील उलथने तसेच धरून सरोवराच्या मध्याकडे बोट दाखवले. कापेंटा नावाची बारीक मासळी दिव्याच्या उजेडाला भुलून जाळ्यात येते, म्हणून मासेमारीच्या बोटी पौर्णिमेच्या आसपास निघतच नाहीत. परंतु ती अमावास्या होती. त्याने दाखवलेल्या दिशेला एक दिवा लागला, मग दुसरा, आणि थोड्याच वेळात तेथे एखादे गाव वसल्यासारखे दिवे दिसू लागले. तो काही वेळ पाहत उभा राहिला, आणि मग साद्झा खाली लागेल म्हणून आत गेला.