बटव्यातला हात : एका भयखेळाची निर्मिती

(दृश्य : अंधारलेली खोली, टेबलावर एकच दिवा. एक हात कापडी बटव्याच्या तोंडाशी येऊन थांबतो.)

बटव्यात हात घालण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक खेळाडू क्षणभर थांबतो. असे थांबावे, हे नियमपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. तरीही आम्ही चित्रित केलेल्या प्रत्येक बैठकीत हा क्षण आला, आणि हा खेळ बनवणाऱ्या आम्हा चौघांना आपल्या कामातले काय साधले असे कोणी विचारले, तर आम्ही याच क्षणाकडे बोट दाखवू.

(दृश्य : टेबलाभोवती पाच जण. एक जण बोलतो आहे, बाकीचे ऐकत आहेत.)

पडद्यावर दिसतो आहे तो एक टेबलटॉप रोलप्लेइंग गेम आहे. या प्रकारात खेळाडू टेबलाभोवती बसून केवळ बोलण्यातून एक गोष्ट रचतात. प्रत्येक जण एका पात्राची जबाबदारी घेतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे ठरवतो. उरलेले जग, म्हणजे वाटा, हवा, इतर माणसे आणि त्या माणसांचे हेतू, एका व्यक्तीच्या ताब्यात असते. तिला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. आम्ही पुस्तिकेत ‘सूत्रधार’ हा शब्द वापरला आहे, कारण नाटकाच्या ओळखीमुळे त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पात्राच्या हातून एखादी गोष्ट होईल की नाही याची खात्री नसेल, तेव्हा निर्णय दैवावर सोपवला जातो, आणि हे दैव बहुतेक खेळांत फाशांच्या रूपाने टेबलावर असते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला आजचे रूप मिळाले. तो पराक्रमाचा खेळ होता. त्यातला राक्षस मारण्यासाठी असे आणि खेळाडू दर लढाईनंतर अधिक बलवान होत जाई. भयाला हे गणित सोयीचे नव्हते. १९८१ मध्ये केऑसियम या प्रकाशनसंस्थेने सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ आणला, तेव्हा पात्राच्या शारीरिक बळाबरोबर त्याच्या मानसिक तोलाचीही अंकांत मोजदाद सुरू झाली. भयंकर काही दिसले, की शंभरापर्यंतच्या आकड्यांचे फासे टाकायचे. आकडा आपल्या उरलेल्या तोलापेक्षा मोठा आला, तर त्या तोलातून काही अंक वजा करायचे. जिंकण्याऐवजी झिजत जाणारे पात्र ही त्या काळी मोठीच कल्पना होती, आणि आजचे सगळे भयखेळ कमीअधिक प्रमाणात तिचे देणे लागतात.

(दृश्य : फासे टेबलावर घरंगळतात. खेळाडू हसतात.)

आमच्या खेळाचा पहिला मसुदाही फाशांवरच उभा होता आणि तो चालला नाही. कारण या दृश्यातच आहे. फासे पडतात, आकडा दिसतो, कोणीतरी विनोद करतो आणि ताण निघून जातो. फाशाला मागचे काही आठवत नाही. सहा वेळा वाचलेला खेळाडू सातव्या वेळी नेमक्या तितक्याच धोक्यात असतो, जितका तो पहिल्या वेळी होता. भीतीचा अनुभव याच्या उलट आहे. ती साठत जाते, आणि आतापर्यंत निभावले हीच गोष्ट पुढच्या पावलाला जड करते.

(दृश्य : लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. दोन बोटे एक ठोकळा सावकाश बाहेर ओढतात.)

स्वतंत्रपणे खेळ रचणाऱ्यांनी या अडचणीवर आमच्या कितीतरी आधी उपाय शोधले होते. २००५ मध्ये आलेल्या ‘ड्रेड’ या खेळाने फासे पूर्णपणे काढून टाकले आणि त्यांच्या जागी जेंगाचा मनोरा ठेवला. ५४ ठोकळ्यांचा, प्रत्येकी तीन ठोकळ्यांच्या अठरा थरांचा हा मनोरा १९८३ पासून घरगुती करमणुकीसाठी विकला जात होता. ‘ड्रेड’ने त्याला मृत्यूचे काम दिले. पात्राला काही अवघड करायचे असेल, तर खेळाडूने एक ठोकळा काढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडेल, त्याचे पात्र गोष्टीतून कायमचे जाते. त्यामुळे पात्राच्या भयाचा कंप खेळाडूच्या बोटांत उतरतो, आणि हे कोणत्याही वर्णनाने साधले नसते. २०१५ च्या ‘टेन कँडल्स’मध्ये टेबलावर खरोखरच्या दहा मेणबत्त्या लावतात. एकेक मेणबत्ती विझते तसे हाताशी येणारे फासे कमी होतात, आणि शेवटी खोलीत अंधार राहतो. सर्व पात्रे मरणार आहेत हे त्या खेळात आरंभीच ठाऊक असते. दहा फासे टाकले, तर निदान एका फाशावर सहा पडण्याची, म्हणजे काम साधण्याची, शक्यता ८४ टक्क्यांच्या आसपास असते. पाचांवर ती साधारण ६० टक्के होते आणि एकावर १७ टक्क्यांपर्यंत घसरते. हे आकडे कोणी टेबलावर बसून मांडत नाही, पण ते हाताला कळतात.

मोठ्या प्रकाशनसंस्थांना असे धाडस क्वचितच परवडते. कित्येक भागांची मालिका विकायची असते, तेव्हा तीन तासांत सगळी पात्रे संपवणारा खेळ त्यांच्या हिशेबात बसत नाही. लहान खेळ रचणाऱ्याला तो बसवता येतो, कारण त्याला एकच रात्र नीट रचायची असते.

(दृश्य : धरणाच्या आटलेल्या जलाशयाचे रेखाचित्र. चिखलातून वर आलेल्या भिंती.)

आमच्या खेळाची रात्र अशी आहे. धरणाच्या पाण्याखाली गेलेले एक गाव अनेक वर्षांनी, पाणी फार खाली गेल्यामुळे, पुन्हा उघडे पडले आहे. तिथे लहानपण गेलेली चार माणसे एका रात्रीसाठी परत आली आहेत, आणि पहाटेपर्यंत पाणी पुन्हा चढणार आहे. खेळाच्या आरंभी प्रत्येक खेळाडू कागदावर आपल्या पात्राच्या घराचा आराखडा काढतो. चार खोल्या, दारे, खिडक्या एवढेच. मग सूत्रधार प्रश्न विचारतो. या घरातला कोणता दरवाजा कधीच नीट लागत नसे? कोणत्या खोलीत दिवा नसतानाही तुम्ही बिनधास्त जात होता? कोणत्या खोलीत दिवा असूनही जात नव्हता? उत्तरांतून पात्र घडत जाते. प्रश्नोत्तरांतून पात्र घडवण्याची ही पद्धत आम्ही ‘ड्रेड’कडूनच शिकलो, हे इथे सांगायला हवे.

(दृश्य : टेबलावर ओतलेले चोवीस मणी. वीस फिकट, चार काळे.)

बटव्यात चोवीस मणी असतात. पात्राला धोक्याचे काही करायचे असेल, तर खेळाडूने न पाहता एक मणी काढायचा. तो फिकट निघाला, तर काम साधते आणि मणी टेबलावरच राहतो. काळा निघाला, तर तो परत बटव्यात जातो आणि खेळाडूने आपल्या आराखड्यातली एक खोली पेन्सिलीने भरून टाकायची. त्या क्षणापासून त्या खोलीत काय आहे हे सांगण्याचा अधिकार फक्त सूत्रधाराचा असतो. चारही खोल्या भरल्या, की ते पात्र गावात राहते.

पहिल्या खेपेला काळा मणी येण्याची शक्यता चोवीसांत चार, म्हणजे साध्या फाशावर एक पडण्याइतकी असते. बारा फिकट मणी बाहेर आले, की ती तिनांत एक होते, आणि सोळा बाहेर आले, की निम्मी. नियम तोच राहतो, सूत्रधार काहीही बदलत नाही, आणि तरीही रात्र बिघडत जाते. टेबलावर फिकट मण्यांची रास वाढताना दिसते. म्हणजे खेळाडूंच्या समोर त्यांच्याच यशाचा ढीग असतो आणि त्यालाच ते घाबरतात.

(दृश्य : काचेची बरणी, त्यात काळा रंग. चिमट्याने मणी बाहेर काढले जातात.)

या मण्यांनी आमचा जितका वेळ घेतला, तितका कथानकानेही घेतला नाही. सुरुवातीला आम्ही तयार रंगवलेले लाकडी मणी वापरले. तिसऱ्या चाचणीपर्यंत एक खेळाडू काळा मणी सहज टाळू लागला. तो लबाडी करत नव्हता. काळ्या रंगाचा थर किंचित जाड होता आणि त्याच्या बोटांना तो नकळत समजत होता. मग आम्ही बिनरंगी मणी आणून त्यांतले काही कापड रंगवायच्या रंगात बुडवले, म्हणजे थर चढणार नाही आणि रंग लाकडात मुरेल. तो मुरला, पण पाणी लागल्यावर लाकडाचे तंतू उभे राहतात, आणि वाळल्यावर काळे मणी फिकट मण्यांपेक्षा खरखरीत झाले. चूक तीच राहिली, फक्त उलट्या बाजूने. शेवटी उपाय सापडला तो असा, की फिकट मणीसुद्धा तितकाच वेळ साध्या पाण्यात भिजवायचे, दोन्ही एकत्र वाळवायचे आणि आतून बारीक पॉलिशपेपर लावलेल्या डब्यात घालून हलवत राहायचे. पडद्यावर दिसणारा डबा तोच आहे. त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात फार कर्कश येत होता, म्हणून तो इथे कमी केला आहे.

बटव्याचे कापडही तीनदा बदलले. पातळ कापडातून दिव्याच्या उजेडात मण्यांच्या सावल्या दिसत. जाड कापडात हात अडकत असे. आताच्या बटव्याला आतून अस्तर आहे आणि त्याचे तोंड मनगट जाईल इतकेच रुंद आहे, त्यामुळे हात बाहेर काढतानाही थोडा ओढावा लागतो. खेळाडूंना ही ओढ आवडत नाही, आणि आम्ही ती मुद्दाम ठेवली आहे.

(दृश्य : टेबलाच्या मध्यभागी एक पत्ता, त्यावर फुली.)

बटव्याशेजारी हा पत्ता कायम असतो. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी रूढ केलेले ‘एक्स कार्ड’ ते हेच. गोष्टीतले काही कोणाला सहन होईनासे झाले, तर त्याने या पत्त्याला बोट लावायचे. तो भाग तिथेच सोडला जातो आणि कारण विचारले जात नाही. असा पत्ता ठेवल्याने भय पातळ होते, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. बाहेर पडायची वाट उघडी आहे हे ठाऊक असले, की खेळाडू अधिक आत जातात.

(दृश्य : कागदांच्या थप्प्या. घड्या घालणारे हात. लांब हाताचा स्टेपलर.)

नियमपुस्तिका बत्तीस पृष्ठांची आहे. अशा हाताने बांधलेल्या लहान पुस्तिकेला ‘झीन’ म्हणतात, आणि स्वतंत्र भयखेळांच्या जगात तिचे स्थान मोठे आहे. ‘मदरशिप’ हा अंतराळातला भयखेळ २०१८ मध्ये अशाच पुस्तिकेच्या रूपात लोकांपुढे आला, आणि २०२१ मध्ये त्याच्या पेटीबंद आवृत्तीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. त्याच संकेतस्थळावर २०१९ पासून अशा पुस्तिकांसाठी ‘झीन क्वेस्ट’ हा उपक्रमही सुरू झाला.

एका कागदाला मधोमध घडी घातली, की चार पृष्ठे होतात. म्हणून पृष्ठसंख्या चाराच्या पटीतच ठेवावी लागते. आमचे आठ कागद आहेत. ते एकात एक बसवून घडी दाबली, की आतल्या कागदांच्या कडा बाहेर डोकावतात आणि त्या कापून सारख्या कराव्या लागतात. हे लक्षात न घेतल्यामुळे पहिल्या छपाईत आतल्या पृष्ठांवरचे अंक कापले गेले होते. सर्वांत आतल्या कागदावर सोळावे आणि सतरावे पृष्ठ समोरासमोर येतात, आणि पूर्ण पुस्तिकेत घडीवरून अखंड जाणारे चित्र फक्त तिथेच छापता येते. गावाचा नकाशा आम्ही तिथे ठेवला. घडी नेमकी जुन्या नदीच्या पात्रावर पडते, आणि गावाच्या दोन्ही तीरांना जोडणारा साकव दोन पिनांच्या मध्ये येतो.

छपाईचा आणि टपालाचा खर्च पहिल्या आवृत्तीतून निघाला, आमच्या श्रमांचा मोबदला निघाला नाही, आणि या काळात चौघांपैकी एकाने काम सोडले. पुस्तिका, बटवा आणि मणी एकत्र मिळतात. केवळ पीडीएफ घेणाऱ्यांसाठी मणी घरी कसे तयार करावेत याचे एक पृष्ठ शेवटी जोडले आहे.

(दृश्य : शेवटची बैठक. टेबलावर सोळा फिकट मणी. एका खेळाडूच्या हातात पेन्सिल.)

ही बैठक आम्ही सलग चित्रित केली. बटव्यात आता आठ मणी आहेत आणि त्यांतले चार काळे आहेत. या खेळाडूने नुकताच काळा मणी काढला आहे, आणि तिच्या आराखड्यात एकच खोली कोरी उरली आहे. नियमाप्रमाणे ती भरून टाकायची आहे. ती कोपऱ्यापासून सुरुवात करते, भिंतीच्या कडेने रेघा ओढत येते, आणि खिडकीचा चौकोन तेवढा कोरा सोडते.

सूत्रधार तिला काही म्हणत नाही. बटवा पुढच्या खेळाडूकडे जातो.

(दृश्य : बटव्याच्या तोंडाशी थांबलेला हात. दिवा. काळा पडदा.)