दहा आकडे, तीन नकाशे

नमस्कार. आधी फळ्यावर दहा आकडे लिहितो: २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, २१ आणि ४२. समजा, दहा विभाग आहेत आणि एका आजाराचे दर हजार लोकांमागे इतके रुग्ण तिथे सापडले आहेत. याचा नकाशा करायचा आहे. शाळेच्या भूगोलात जिला आपण क्षेत्रघनी पद्धत म्हणायचो, तीच वापरू: आकडा मोठा तिथे रंग गडद. सीमांची फाइल हाताशी आहे, आकड्यांचा तक्ता आहे. रंगाच्या पाच छटा घेऊ.

आता पहिली पद्धत बघा. सर्वांत लहान आकडा २, सर्वांत मोठा ४२, मधलं अंतर ४०. त्याचे पाच सारखे भाग पाडले तर प्रत्येक वर्ग ८ चा होतो. २ ते १० या पहिल्याच वर्गात आठ विभाग जाऊन बसतात. दुसरा आणि चौथा वर्ग रिकामा राहतो. २१ तिसऱ्यात, ४२ पाचव्यात. नकाशा बघणाऱ्याला काय दिसेल? सगळीकडे फिकट रंग, एक विभाग मध्यम आणि एक काळपट लाल. म्हणजे साथ एकाच ठिकाणी आहे, बाकीच्यांनी निर्धास्त राहावं.

दुसरी पद्धत अशी की प्रत्येक वर्गात सारख्या संख्येने विभाग घालायचे. दहा विभाग, पाच वर्ग, म्हणून जोड्या लावल्या: २-३, ४-५, ६-७, ८-९ आणि २१-४२. आता नकाशाभर रंगांची चढती पायरी दिसते. ९ चा विभाग जवळजवळ गडद झाला. आणि २१ व ४२ यांचा रंग एकच, खरं तर एकात दुसऱ्याच्या दुप्पट रुग्ण आहेत. हा नकाशा बघणारा म्हणेल की साथ सगळीकडे पसरते आहे.

तिसरी पद्धत आकड्यांमधल्या नैसर्गिक फटी शोधते. ती २१ ला एक वर्ग देते, ४२ ला एक देते आणि उरलेले आठ तीन वर्गांत वाटून टाकते. या उदाहरणापुरती मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते. पण तिचीही अडचण आहे. पुढच्या वर्षीचे आकडे आले की फटी सरकतात, वर्गांच्या सीमा बदलतात, आणि दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुलना करायची असेल तर सीमा आपणच ठरवून दोन्ही वर्षांना त्याच लावाव्या लागतात.

आकडे तेच. गणितात कुठेही चूक नाही. तरी तीन नकाशे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. आणि मला ज्याची खरी काळजी वाटते ती गोष्ट अशी: यातली एक पद्धत नकाशा काढणाऱ्या प्रोग्रामने आधीच निवडून ठेवलेली असते. वर्ग किती, सीमा कुठे, रंग कोणते, हे सगळं आपण खिडकी उघडण्याआधीच भरलेलं असतं. आपण फक्त 'ओके' दाबतो आणि त्या नकाशाखाली आपलं नाव लिहितो. गेली काही वर्षं मी हे शिकवतो आहे. 'हे पाच वर्ग का घेतलेस?' असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'आपोआप आले.' मला हे उत्तर चालत नाही, आणि तुम्हालाही चालू नये असं वाटतं म्हणून आज इथे आलो.

डॉ. जॉन स्नो यांचं नाव या विषयात नेहमी निघतं. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं दगावली. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी त्या घराजवळ एक छोटी आडवी रेघ काढली, आणि रेघांचा गठ्ठा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती जमला. ही गोष्ट बहुधा तुम्ही ऐकली असेल. मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते त्यांच्या नंतरच्या, सुधारित नकाशाकडे. त्यात एक रेषा जास्त आहे. ही रेषा असा प्रदेश वेगळा काढते जिथल्या माणसाला इतर कुठल्याही पंपापेक्षा ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळ पडतो. आज कोणत्याही जीआयएस, म्हणजे जागेची माहिती हाताळणाऱ्या, प्रोग्राममध्ये पंपांचे बिंदू दिले की असे प्रदेश क्षणात आखून मिळतात, त्यांना व्होरोनॉय बहुभुज म्हणतात. पण प्रोग्राम अंतर मोजतो सरळ रेषेत, पक्ष्याने उडत जावं तसं. स्नो यांनी मोजलं ते रस्त्याने चालत जाण्याचं अंतर, कारण पाणी भरणारा माणूस भिंतीतून जात नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताने केलेली ती निवड आजच्या एका क्लिकपेक्षा जास्त विचाराची आहे. आजच्या साधनांतही रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजण्याची सोय आहे, फक्त ती कुणीतरी मागावी लागते.

आणि स्नो नकाशापाशी थांबले नाहीत. जवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवत त्या आश्रयगृहात, ५३५ लोक राहत होते आणि मृत्यू फक्त पाच. का? त्यांची स्वतःची विहीर होती. तिकडे लांब हॅम्पस्टेडमध्ये एक बाई कॉलऱ्याने गेल्या. त्या पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायच्या आणि तिथलंच पाणी आवडतं म्हणून मुद्दाम मागवायच्या. नकाशात न बसणाऱ्या दोन गोष्टींनी नकाशाचं म्हणणं पक्कं केलं. साधन कितीही चांगलं असो, दारोदार जाऊन विचारण्याचं ते काम कुणीतरी करावंच लागतं.

आता जरा तक्त्याकडे वळू, कारण नकाशे बिघडतात ते बहुतेक वेळा तिथेच. सीमांच्या फाइलला आकड्यांचा तक्ता जोडायचा तर दोन्हीकडे एक सामाईक रकाना लागतो. नवखा माणूस नावाचा रकाना घेतो. मीही घेतला होता. एका अभ्यासात मी नावांवरून जोडणी केली आणि नकाशात मधूनमधून पांढरी भगदाडं उरली. दोन्ही तक्ते पडद्यावर शेजारी लावले, नावं अक्षरन्‌अक्षर तीच दिसत होती. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की एका तक्त्यात 'ॲ' हे अक्षर एकसंध टाइप केलेलं होतं आणि दुसऱ्यात आधी 'अ' व त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही असाच त्रास देते. तेव्हापासून जोडणी नावावर करायची नाही, सांकेतिक क्रमांकावर करायची, हा नियम मी पाळतो. आणि क्रमांकाचा रकाना आधी 'मजकूर' म्हणून ठरवून मगच फाइल उघडायची. नाहीतर स्प्रेडशीट ०२७ चा २७ करून टाकतं, आणि पहिली पन्नास-शंभर ठिकाणं मुकाट्याने गळतात.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवण्याचा जुना साचा अजून सगळीकडे चालतो. त्यात रकान्याच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे 'लोकसंख्या' या नावातलं 'लोक' एवढंच मावतं. शिवाय शेपफाइल म्हणजे एक फाइल नसते, किमान तीन असतात, आणि मेलवर पाठवताना लोक हमखास एकच पाठवतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा साचा वापरा. एकच फाइल, पूर्ण नावं.

जागेच्या आकड्यांचंही असंच. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या आणखी एका साच्याच्या प्रमाणात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो, आपण बोलताना मात्र अक्षांश-रेखांश म्हणतो आणि लीफलेटसारखी वेबनकाशांची साधनंही अक्षांश आधी मागतात. अदलाबदल झाली की गाव समुद्रात जातं. आणि रकाना रिकामा राहून त्याचं शून्य झालं तर बिंदू शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जाऊन पडतो. जगभरचे इतके बिंदू तिथे पडत आले की त्या जागेला 'नल आयलंड' असं नावच मिळालं, बेट मात्र तिथे नाही. कुणी दशांशचिन्हापुढे बारा आकडे देत असेल तर त्या अचूकतेवर विश्वास ठेवू नका. पाचव्या स्थानावरचा फरक विषुववृत्ताजवळ साधारण १.१ मीटरचा असतो, आणि साधा फोन काही मीटरपर्यंत चुकू शकतो.

प्रक्षेपणाबद्दल बोलायला हवं. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना काहीतरी ताणलं जाणारच, हे आपण शाळेत शिकलो. मर्केटर यांचं १५६९ चं प्रक्षेपण दर्यावर्दींसाठी होतं: होकायंत्राने धरलेली एक दिशा नकाशावर सरळ रेषा व्हावी एवढ्यासाठी त्यांनी आकारमानाचा बळी दिला. त्या कामाला ते उत्तमच आहे. पण त्याचंच एक रूप वेबवरच्या नकाशांनी उचललं आणि आता बहुतेक लोक जग तेवढंच बघतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

हे फक्त दिसण्यापुरतं असतं तर एवढं बोललो नसतो. समजा, एका दवाखान्याभोवती ५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं आहे, त्यात किती वस्ती येते ते मोजायला. वेब मर्केटरमध्ये, म्हणजे मर्केटरच्या त्या वेबवरच्या रूपात, एकक मीटर असं लिहिलेलं असतं. म्हणून आपण ५००० टाकतो. पण ६० अक्षांशावर हे प्रक्षेपण लांबी दुप्पट दाखवतं. म्हणजे आपलं वर्तुळ जमिनीवर प्रत्यक्षात अडीच किलोमीटरचंच निघतं आणि क्षेत्रफळ एक चतुर्थांश. प्रोग्राम चूक दाखवत नाही. अहवालात लिहिलं जातं की इतके लोक दवाखान्यापासून दूर आहेत, आणि त्यावर कुणाचा तरी पैसा, कुणाची तरी रुग्णवाहिका ठरते. मोजमाप करायचं असेल तर आधी त्या प्रदेशाला योग्य असं स्थानिक प्रक्षेपण घ्या, मग मोजा. दाखवण्यासाठी नंतर हवं ते वापरा.

संख्या आणि दर यांत गल्लत होते तीही याच जातीची. रुग्णांची नुसती संख्या रंगात भरली तर नकाशा लोकसंख्येचाच होतो, मोठी शहरं गडद. म्हणून दर घ्यायचा. पण दोनशे वस्तीच्या ठिकाणी एक रुग्ण म्हणजे हजारी ५ आणि दोन रुग्ण म्हणजे हजारी १०. एका माणसाने दर दुप्पट होतो. लहान वस्तीची ठिकाणं सर्वांत गडद किंवा सर्वांत फिकट दिसतात ती बऱ्याचदा यामुळेच. संख्या दाखवायचीच असेल तर वर्तुळं वापरा, पण क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात ठेवा. चौपट संख्येला त्रिज्या दुप्पट. त्रिज्याच चौपट केली तर वर्तुळ सोळापट होतं, आणि डोळा त्यावर विश्वास ठेवतो.

रंगांबद्दल थोडक्यात. इंद्रधनुष्यी पट्टी टाळा. तिच्यातला पिवळा उगाच उठून दिसतो आणि जिथे आकड्यांत पायरी नाही तिथे डोळ्याला पायरी भासते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आकृत्या काढणाऱ्या साधनानेही अशीच पट्टी सोडून व्हिरिडिस नावाची स्वीकारली. ती काळ्या-पांढऱ्या छपाईतही क्रमाने गडद होते आणि लाल-हिरवा फरक न ओळखू शकणाऱ्यांनाही वाचता येते. नकाशांसाठी सिंथिया ब्रूअर यांनी तयार केलेलं कलरब्रूअर हे रंगपट्ट्या निवडण्याचं साधन आहे, वेबवर मोफत.

कुठलं साधन घ्यावं, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. माझं मत सांगतो. नकाशासाठी क्यूजीआयएसपासून सुरुवात करा. २००२ साली गॅरी शर्मन यांनी ते सुरू केलं, आज जगभरचे लोक मिळून चालवतात आणि त्याला परवाना शुल्क नाही. पण हात बसला की आर या आकडेवारीच्या भाषेत किंवा पायथनमध्ये चार ओळी लिहायला शिका. वेगासाठी हे सांगत नाही. माउसने केलेली निवड हवेत विरते, लिहिलेली निवड राहते. 'वर्ग ५, सीमा अमुक' अशी ओळ फाइलमध्ये असेल तर वर्षभराने दुसरं कुणीतरी ती वाचून म्हणू शकतं की ही सीमा मला पटत नाही. वेबसाठी आकृत्या काढायचं डी३ हे साधन सुंदर आहे, त्यात जवळपास काहीही काढता येतं, पण ते शिकायला सबुरी लागते. आकृती एकदाच लागणार असेल तर तेवढा वेळ घालवू नका.

एक गोष्ट उरली, आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. माहिती नसलेली जागा. तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. पण बरेच प्रोग्राम अशी जागा पांढरी सोडतात, आणि सर्वांत फिकट रंगाशेजारी पांढरा म्हणजे वाचणाऱ्याला 'इथे काहीच नाही' असंच वाटतं. अशा जागेला राखाडी तिरप्या रेघा द्या आणि सूचीत स्पष्ट लिहा: माहिती नाही.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा, पोर्ट-ऑ-प्रिन्सचा, ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावरचा नकाशा जवळजवळ कोरा होता. मोजके मोठे रस्ते, बाकी पांढरं. त्या पांढऱ्यात लाखो लोक राहत होते. मग उपग्रहचित्रं खुली झाली, आणि जगभरातून शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून एकेक गल्ली, एकेक इमारत, एकेक तंबूंची वस्ती त्यावरून गिरवली. काही दिवसांतच मदतपथकं तोच नकाशा जीपीएस यंत्रांत भरून फिरू लागली. आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नकाशे मी सोबत आणले आहेत. पुढे या, जवळून बघा. आधीच्या नकाशावर जिथे काहीच नाही, तिथे बोट ठेवा आणि मग दुसऱ्यावर तीच जागा शोधा.