ते नाव मीच ठेवलं

मंडळींनो, नमस्कार. संक्रांतीच्या कार्यक्रमात ‘गोड बोला’वर कोटी केली नाही तर आपल्याकडे वर्गणी परत मागतात, म्हणून ती आधीच उरकतो. आज मला गोड बोलायला जमणार नाहीये. झाली कोटी.

समितीने नेहमीप्रमाणे ‘दहा मिनिटं, काहीतरी हलकंफुलकं’ असं सांगितलं होतं. अकरा वर्षं हा माइक माझ्याकडे आहे. घरी कोणी ऐकत नाही म्हणून हा इथे येतो, हे आमच्या सौ.नी याच स्टेजवरून जाहीर केलेलं आहे. तर आज घरातलंच सांगतो.

गेल्या गणपतीतलं मुलांचं नाटक आठवतंय ना? एका मुलाला त्यात एकच वाक्य होतं. “महाराज, गडावरून दूत आला आहे.” फेटा त्याच्या डोळ्यांवर येत होता, भाला हातात नीट धरलेला. पुढे आला, मुजरा केला, “महाराज” म्हणाला आणि थांबला. परत “महाराज”. परत थांबला. आणि मी, विंगेत, हातात चालू माइक. म्हणालो, “गडावर नेटवर्क नाही वाटतं. बफरिंग चालू आहे!”

हॉल हसला. तुम्ही सगळे हसलात. तोही हसला. शेवटी महाराजांनीच “दूत आला वाटतं” म्हणून नाटक पुढे नेलं. मध्यंतरात तिघांनी येऊन माझी पाठ थोपटली, की टायमिंग काय होतं राव! मी खूश. घरी जाताना गाडीत तो जोक मी परत एकदा करून दाखवला.

डिसेंबरात मुलीच्या शाळेतून फोन आला. मी २८७ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. व्हाइस प्रिन्सिपल फार नम्र बाई. म्हणाल्या, तुमच्या मुलीविरुद्ध एचआयबीची, म्हणजे दुसऱ्या मुलाला छळल्याची, तक्रार आहे. इथे न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्यांना ही तीन अक्षरं सांगायला नकोत. २०११ पासून हा कायदा लागू आहे. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची, दहा शालेय दिवसांत संपवायची. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेला माणूस असतो. मला मात्र कायम वाटायचं, हे सगळं ‘त्यांच्या’ मुलांसाठी आहे. आपली मुलं स्पेलिंग बीला जातात.

तक्रार अशी, की आमची कन्या आणि आपल्या मराठी शाळेतल्या आणखी दोघी, स्कूलबसमध्ये एका मुलाला ‘बफरिंग’ म्हणून हाक मारतात. तो बोलायला लागला की बोट गोल गोल फिरवतात. मोबाइलवर ते चक्र फिरतं ना, तसं. ऑक्टोबरपासून हे चालू होतं, आणि आता मराठी न येणारी मुलंही तेच करायला लागली होती.

रात्री जेवताना मी तिला फैलावर घेतलं. संस्कार, आजी-आजोबा, आपलं घराणं, काही बाकी ठेवलं नाही. तिने वरणभात कालवता कालवता मान वर केली आणि म्हणाली, “पण बाबा, ते नाव तूच ठेवलंस ना?”

बायकोने पळी पातेल्यात ठेवली आणि ती काहीच बोलली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत. ती काहीच बोलत नाही म्हणजे काय, ते मला कळतं.

महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. आंघोळीला गेलो तरी तेच.

त्या मुलाचं नाव मी घेणार नाही, आणि वेबसाइटवर हे भाषण टाकतानाही त्याच्याविषयीचं बरंच काही काढून टाकायला सांगितलंय. त्याच्या आईवडिलांना विचारूनच बोलतोय. आई म्हणाली, “बोला. फक्त त्याला बिचारा म्हणू नका.” तर तो बिचारा नाही. बुद्धिबळात त्याने मला दोनदा हरवलंय, दुसऱ्यांदा तर वीस चालींत.

त्याला आहे ते असं. डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर. कान ठणठणीत, पण शब्द वेळेवर सापडत नाही, वाक्य जुळवायला वेळ लागतो, भराभर बोललेलं निसटून जातं. शंभरात साधारण सात मुलांना हे असतं, म्हणजे तीसच्या वर्गात दोघांना. आपल्या मराठी शाळेच्या पटावरची मुलं मोजा आणि करा हिशेब. मी केला. आपल्याला त्यातला एकच ठाऊक आहे, तोही मी माइकवरून जाहीर केला म्हणून.

चौकशीत जे झालं ते ऐकून मला जास्त लागलं. आधी आमच्या मुलीला विचारलं. तिने सगळं क्रमवार सांगितलं: आम्ही गंमत करत होतो, तोही हसत होता, मग त्याने माझी बॅग ढकलली. वकिलीला घालावी इतकं चोख. मग त्याला विचारलं. “ती… बसमध्ये… ते गोल… मागच्या…” असं करत तो थांबला. ज्याला भाषेचीच अडचण आहे, त्याने आपल्यावर काय झालं ते पहिलं, दुसरं, तिसरं असं सांगायचं कसं? ज्याची जीभ चालते त्याची गोष्ट आधी पोहोचते. ज्या मुलांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, उतावळेपणा, असं काही असतं त्यांचं तर आणखीच उलटं होतं. चिडवणारे दबक्या आवाजात चिडवतात, हे पोर तडक अंगावर जातं, आणि बाईंना दिसतं ते फक्त अंगावर जाणं. शिक्षा त्यालाच. या मुलाच्या बाबतीत बसच्या ड्रायव्हर बाईंनी ते फिरणारं बोट आरशात पाहिलं होतं, म्हणून निभावलं. नाहीतर बॅग ढकलल्याबद्दल तोच अडकला असता, आणि आम्ही उलट त्याच्या घरच्यांवर रुसलो असतो.

आमच्या वर्गात, मिरजेला, एक मुलगा होता. बोलताना अडायचा. आम्ही त्याला ‘धक्का स्टार्ट’ म्हणायचो. मास्तर हजेरी घेताना म्हणायचे, “अरे, ढकला रे त्याला कोणीतरी.” आम्ही खरंच मागून ढकलायचो. तुमच्याही वर्गात असा कोणीतरी असणार. त्याचं खरं नाव आठवून बघा. मला परवा रात्री दोन वाजता आठवलं. आठवीनंतर तो शाळेत दिसलाच नाही, आणि तेव्हा कोणी विचारलंही नाही. एसटी गेली, मोबाइल आला, आणि कोटी तीच.

आता थोडं तुमच्यावर येतो, कारण एकट्याने मार खायची माझी तयारी नाही.

या मुलाच्या आईला आपल्यापैकी कोणी काय काय सांगितलं, ते तिने मला चहा पिता पिता सांगितलं. एक म्हणे, मुलगे उशिराच बोलतात, आमचा पाच वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता. दुसरी म्हणे, आयईपी, म्हणजे शाळा अशा मुलासाठी लेखी ठरवून देते ती खास मदत, घेऊ नकोस, शिक्का बसतो, पुढे कॉलेजला कळतं. तिसरी म्हणे, घरात मराठी बंद कर, दोन भाषांनी पोर गोंधळलंय. आणि हे तिने ऐकलं, बरं का. दीड वर्ष ती माउली मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलत होती. आजी व्हिडिओ कॉलवर यायची आणि नातवाशी काय बोलावं ते कळेना. नंतर स्पीच थेरपिस्टनेच विचारलं, मराठीत कसा बोलतो तो? कारण दोन भाषांमुळे हा त्रास होत नाही, आणि खरोखर असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. मराठी बंद करून हाती काय लागलं? एक आजी गमावली, एवढंच.

आयईपीचंही सांगतो. तो हक्क या देशात १९७५ च्या कायद्याने आला, फुकटची मेहेरबानी नाही. अशा मुलाला कोणी छळत असेल आणि त्याने त्याचं शिकणं बिघडत असेल, तर आयईपीच्या टीमने बसून त्याची मदत वाढवायची की बदलायची ते पाहावं, असं केंद्राच्या शिक्षण खात्याने शाळांना लेखी कळवलेलं आहे. आपण मॉर्गेजचे कागद भिंग लावून वाचतो. मुलाच्या कागदावर मात्र सही करू की नको, हे पॉटलकमध्ये विचारतो.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला. दार त्यानेच उघडलं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “काका, तुम्ही…” आणि थांबला. मंडळी, मी अकरा वर्षं निवेदन करतो. समोरच्याचा शब्द अडला की माझ्या जिभेला खाज सुटते. मी हात खिशात घातले आणि गप्प उभा राहिलो. आतून कुकरची शिट्टी झाली. थंडी आत येत होती. शेवटी तो म्हणाला, “तुम्ही… बूट काढा.”

चौकशी संपली. आमच्या कन्येने पत्र लिहिलं, बसमधलं बोट फिरवणं बंद झालं. शाळेच्या कागदावर प्रकरण मिटलं. आता त्याला कोणी काही म्हणत नाही. कोणी काहीच म्हणत नाही. परवा मी मुलीला विचारलं, बसमध्ये त्याच्या शेजारी कोण बसतं? म्हणाली, “कोणीच नाही. सगळे घाबरतात, काही बोललं आणि परत तक्रार झाली तर?” मग तिने विचारलं, “बाबा, मी बसले तर त्याला आवडेल का?” मी म्हटलं, त्यालाच विचार. ती म्हणाली, “आणि त्याने उत्तर द्यायला खूप वेळ घेतला तर? माझा स्टॉप त्याच्या आधी येतो.”

पाडव्याच्या नाटकाची नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर चालू आहे. मी आत येताना यादी पाहिली. त्याचं नाव नाहीये.