अलिबागहून आलेले आकडे

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत विजेवरची ट्राम धावू लागली ती १९०७ साली. त्याआधी घोडे ट्राम ओढत. विजेची ट्राम येणार म्हटल्यावर शहर खूश झालं, पण कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नानाभॉय मूस यांच्यापुढे मोठाच पेच पडला. मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. तिथे १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजच्या रोज नोंद होत होती. ट्रामची वीज तारेतून येते, रुळांतून परत जाते आणि जाताना थोडी जमिनीत झिरपते. तेवढ्यानेही वेधशाळेतली नाजूक सुई भरकटली असती.

ट्राम थांबवा म्हणून कोण ऐकणार! मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. तिथे ना ट्राम, ना आगगाडी. (प्रवासी गाडीची वाट अलिबागकर अजून बघताहेत, ते सोडा.) १९०४मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड मात्र कटाक्षाने टाळलं. मला सगळ्यात दाद द्यावीशी वाटते ती पुढच्या गोष्टीला. अलिबाग सुरू झाल्याबरोबर कुलाबा बंद केलं नाही. १९०६पर्यंत, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो ते त्यातून कळलं आणि जुनी मालिका नव्या जागी अखंड चालू राहिली.

या नोंदी सुरुवातीला माणसंच करायची. टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून बघायची आणि वहीत आकडा लिहायचा. दिवसा, रात्री, मुंबईच्या पावसाळ्यात. पुढे मोठे गणिती म्हणून नावाजलेले केरूनाना छत्रे विशीच्या आत याच कुलाबा वेधशाळेत कामाला लागले होते. ते मूळचे नागावचे, म्हणजे अलिबागच्या शेजारचे.

आता हे आकडे लिहून कुणाचं काय भलं होणार होतं? जहाजांच्या होकायंत्रासाठी थोडा उपयोग होता, एवढंच म्हणता आलं असतं. पण १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर अचानक लखलखाट दिसला. तिथून सुटलेलं सौरवादळ पृथ्वीपर्यंत पोचलं आणि युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याला चुंबकत्वाचा जोर एकदम उतरला, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं माप). नेहमीच्या मानाने शेकडा चार. नोंद घेणाऱ्याने तो आकडा, इतका विचित्र असूनही, होता तसा लिहून ठेवला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी याच नोंदींवरून त्या सौरवादळाची ताकद मोजली. आज तसं वादळ आलं तर विजेच्या वाहिन्या आणि उपग्रह यांचं काय होईल, हा हिशेब करताना हा आकडा हमखास पुढे येतो.

अलिबागचं काम आजही चालू आहे. आणि ते तुमच्या खिशापर्यंत पोचतं. फोनमधला नकाशा तुम्ही कुठे आहात ते उपग्रहांवरून ओळखतो. पण एका जागी उभे असताना तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे फोनमधली चिमुकली चुंबकमापक चिप सांगते. तिला दिसते ती चुंबकीय उत्तर. खरी उत्तर जरा बाजूला असते, किती ते गावोगावी वेगळं, आणि दर वर्षी बदलणारं. त्या फरकाचं जगाचं कोष्टक दर पाच वर्षांनी नव्याने तयार होतं, उपग्रहांच्या आणि अलिबागसारख्या वेधशाळांच्या नोंदींवरून.

तेव्हा नकाशातला बाण उलटसुलट फिरायला लागला तर आधी आजूबाजूला बघा. तुम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून उभे असाल किंवा फोनच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण असेल. मूसना ट्रामने दिला असता तोच त्रास. चार पावलं बाजूला व्हा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, बाण ठिकाणावर येतो. लोक बघतील, बघू द्या.

नमस्कार.