मुरगाव बंदरातलं बिनतारी यंत्र
(वास्को येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सायबरयुद्धाचा कायदा ऐकायला आलात, पण मी तुम्हांला आधी आपल्याच बंदरात नेणार आहे.

मार्च 1943. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. मुरगावला तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज आश्रयाला आलेलं. त्यातल्या ‘एहरेनफेल्स’वर लपवलेलं बिनतारी यंत्र आहे, त्यावरून पाणबुड्यांना आपल्या जहाजांचा ठावठिकाणा कळतो, असा ब्रिटिशांचा संशय. पण तटस्थ बंदरात आरमार घुसवलं तर जगभर बोभाटा! मग कलकत्त्याहून एक जुनाट गाळवाहू बोट आणली आणि कोचीनला तिच्यावर कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातली माणसं चढवली. बहुतेक मध्यमवयीन, एरवी कचेरीत बसणारी. 9 मार्चच्या रात्री चढाई झाली, ‘एहरेनफेल्स’ बुडालं. बाकीची जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. ब्रिटिश सरकारनं पुढे कित्येक वर्षं ब्र काढला नाही.

आता यंत्राच्या जागी सर्व्हर ठेवा, घोडदळाच्या जागी घरबसले हॅकर. ते मौन मात्र तसंच राहू द्या.

कायदा काय म्हणतो? तटस्थ बंदरात युद्धमान देशानं बिनतारी केंद्र उभारू नये, हे 1907च्या तेराव्या हेग कराराच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. पण त्याच साली झालेल्या पाचव्या कराराचं आठवं कलम म्हणतं की, तटस्थ देशानं आपल्या तारा आणि टेलिफोन युद्धमानांना बंद करायलाच हवेत असं नाही. फक्त बंद केले तर दोघांनाही सारखेच करावेत. 1907मध्ये हे शहाणपणाचंच होतं, कारण तारेतून निरोप जायचा, तोफ जायची नाही. आज त्याच तारेतून दोन्ही जातं. सायबरयुद्धाला कायदा कसा लागू होतो हे सांगणाऱ्या टॅलिन नियमावलीचे तज्ज्ञ (2017ची दुसरी आवृत्ती, हा करार नव्हे, तज्ज्ञांचं मत) म्हणतात, सर्वांना खुलं असलेलं इंटरनेट लष्करी कामाला वापरलं एवढ्यानं तटस्थता मोडत नाही. मला यात पळवाट दिसते, पण दुसरा व्यवहार्य मार्गही सुचत नाही.

24 फेब्रुवारी 2022ला युक्रेनवर आक्रमण सुरू होताना व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटची मोडेमं सायबर घुसखोरीनं निकामी केली गेली. त्या झटक्यात जर्मनीतल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्क तुटला. पाती मात्र फिरत राहिली. मग हा ‘हल्ला’ झाला का? युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांना 1977मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलात हल्ला म्हणजे हिंसेचं कृत्य. नुसतं बंद पडणं त्यात बसतं की नाही, यावर देशांचं अजून जमत नाही.

हौशी मंडळींविषयी एवढंच: लढाईत थेट हात घातला की तेवढ्या काळापुरतं नागरिकाचं संरक्षण जातं, मग तो घरात पायजम्यात बसलेला का असेना. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं 2023मध्ये अशा हॅकरांसाठी आठ नियमच काढले.

आता पोर्तुगालच्या जागी आपण. उद्या दोन परके देश लढताहेत आणि पणजीतल्या एखाद्या इमारतीत भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरून एकाचे सैनिक दुसऱ्याची वीज तोडताहेत. घरमालकाला पत्ताच नाही. ते थांबवणं तटस्थ भारताचं कर्तव्य. थांबवलं नाही, तर ज्याची वीज जाते त्याला स्वतः हात घालायची मुभा मिळू शकते. पण त्याआधी भारताला किती वेळ द्यायचा? ठरावीक तास कुठल्याच करारात लिहिलेले नाहीत.