पैठणी आणली, पातळ विसरलो

(अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये, मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे. मधूनच रडलेली बाळं आणि माइकची शिट्टी वगळली आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीतल्या वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या कपड्यांवर बोला. तुमची आवडनिवड, स्टाईल, असं काहीतरी हलकंफुलकं." मी म्हटलं, अहो, मला फॅशनमधलं काही कळत नाही, मी नागपूरची आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर!" आता यात माझं कौतुक होतं की नागपूरला टोमणा होता, ते मला अजून उलगडलेलं नाही. पुण्याच्या आहेत त्या.

पण उन्हातलं मला कळतं. २०२३ साली इथे ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या खाली राहिला नाही. आपल्या हिशेबात त्रेचाळीसच्या वर. पुढच्या वर्षी तर शंभरी गाठणारे सलग ११३ दिवस झाले. त्या काळात भारतातून सगळ्यांना फोन येत होते, "बरे आहात ना?" मला माझ्या भावाचा आला. तो म्हणाला, "त्रेचाळीस? मग स्वेटर घालून राहिली का?"

एवढी शेखी मिरवणाऱ्या बाईची फजिती कशी झाली ते आधी सांगते, कारण आजचं सगळं बोलणं तिथूनच निघालं आहे.

काही वर्षांपूर्वीची आपली गणपतीची मिरवणूक. सप्टेंबर महिना, दुपारचे चार, पार्किंग लॉटचं तापलेलं डांबर. मी पैठणी नेसले होते. खाली सॅटिनचा परकर, अस्तर लावलेला कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, गळ्यात ठुशी आणि हातात लेझीम. पहिली फेरी झोकात झाली. दुसऱ्या फेरीत ठुशी गळ्याला चटके द्यायला लागली. तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले आणि मी सरळ कोणाच्या तरी गाडीच्या सावलीत बसकण मारली.

तिथे खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. मुलाकडे आलेल्या, अमरावतीकडच्या. अंगावर धुऊन धुऊन रंग उडालेली सुती साडी, डोक्यावर ओला पंचा, आणि चेहरा कसा, तर आत्ताच झोपून उठल्यासारखा ताजा. त्यांनी मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "एवढं जरीचं नेसून उन्हात कोणी नाचते का वं बाई?"

त्या रात्री मी कपाट उघडून बसले. वीस वर्षांपूर्वी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन आले होते. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत काही ना काही आणलंच. दोन पैठण्या, शालू, नारायणपेठ, एक करवतकाठी, नवऱ्याची शेरवानी, मुलाची तीन वर्षांत आखूड झालेली शेरवानी. आणि ज्या कपड्यांवर माझ्या घरातल्या बायकांनी पन्नास-साठ मे महिने काढले, त्यातलं एकही सुती पातळ नव्हतं. आपण सगळ्यांनी हेच केलं ना? लग्नाच्या अल्बममधलं सगळं बांधून आणलं, आणि दुपारी दोन वाजताचं तिकडेच दोरीवर वाळत राहिलं.

आमच्या घरी आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात काढलेली ती मिल. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस दाराशी होता. आजोबांमुळे घरात कापड भरपूर आणि कापडावरची मतं त्याहून भरपूर. आजी वर्षभर नऊवारी पातळ नेसायची. हिवाळ्यात आणि कार्याला त्याला खळ असायची, भाताच्या पेजेची. एकदा होळी पेटली की खळ बंद. कडक खळीने विणीतली भोकं बुजतात, वारा आत येत नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "उन्हाळ्यात लुगडं लुळं पाहिजे," एवढंच म्हणायची. वर नऊवारीला परकर नाही. काष्टा घातला की दोन्ही पाय सुटे, मधून हवा खेळती. आता शिवलेली नऊवारी मिळते, विजारीसारखी पाय घालून चढवायची. सोय आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यातल्या बऱ्याच पॉलिएस्टरच्या असतात, म्हणजे नऊवारीतलं जे उन्हाळ्याचं शहाणपण होतं, तेवढं नेमकं काढून टाकलेलं.

हे शहाणपण काय आहे ते इंजिनिअरांच्या या गावात जरा नीट सांगते. कापूस साध्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम आला की सुती कापड तो टिपून घेतं, पसरवतं, आणि कोरड्या हवेत तो उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ओळखीचं वाटलं का? वाळ्याच्या ताट्या! उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना ताट्या बांधायच्या, पाणी मारायचं, आणि बाहेरची लू आत येईपर्यंत गार आणि सुगंधी व्हायची. मग कूलर आले, तत्त्व तेच. फिनिक्समध्ये जुन्या घरांच्या छतावर जे खोके दिसतात, ज्याला इथे स्वॉम्प कूलर म्हणतात, तो आपला डेझर्ट कूलरच. जुलैत हवा दमट झाली की इकडचाही बिघडल्यासारखा चिकचिक करतो, तिकडचाही. तर अंगावरचं पातळ म्हणजे नेसायची ताटी. आणि सॅटिनचा परकर म्हणजे त्या ताटीवर प्लास्टिक अंथरणं.

दुसरी गोष्ट, अंग झाकण्याची. इथे जरा ऊन वाढलं की लोकांचे कपडे कमी होत जातात. नागपुरात उलटं. मे महिन्यात स्कूटरवरच्या मुली बघा, दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसतात. सख्खा बाप सिग्नलला शेजारी उभा राहिला तर ओळखणार नाही. (या सोयीचा नागपूरच्या तरुणाईने इतरही कारणांसाठी उपयोग केलेला आहे, तो आजचा विषय नाही.) पण त्यात अर्थ आहे. हवा आपल्या कातडीपेक्षा गरम झाली की उघड्या अंगाला वारा गार करत नाही, तापवतो. त्यावर थेट ऊन. अशा वेळी सैल, सुती, लांब बाह्यांचं काहीतरी हवं. कॉलेजातले पोरं-पोरी मला विचारतात, "मावशी, काळा चालेल का?" काळा हा त्यांचा एकच रंग. तर वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात याची तपासणी शास्त्रज्ञांनी केली होती, १९८० साली 'नेचर'मध्ये ती छापून आली. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो खरा, पण झगा सैल असला तर ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते. तेव्हा पोरांनो, काळा घाला, पण मग झग्याएवढा ढगळ घाला. ते अंगाला चिकटलेलं जिमचं काळं नको.

आता मला मनापासून आवडलेली गोष्ट. आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती कापसाची आहे. इथल्या शाळेत मुलांना ॲरिझोनाचे पाच 'सी' शिकवतात, त्यात तांबं, गुरं, लिंबूवर्गीय फळं आणि हवामान यांच्या रांगेत कापूस आहे. दुकानात 'पिमा कॉटन' अशी चिठ्ठी लावलेले महाग टी-शर्ट बघता ना, तो पिमा कुठला? इथून दक्षिणेला सॅकाटन म्हणून गाव आहे, तिथे सरकारी प्रयोगशेतावर गेल्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या वाणापासून हा लांब धाग्याचा कापूस तयार केला. शेतावर राबणारे इथले मूळ रहिवासी पिमा लोक, स्वतःला ते अकिमेल ओओधाम म्हणवतात, त्यांच्यावरून नाव पडलं. आणि आपली जी मंडळी गुडइयरला राहतात, त्यांचं गाव टायर कंपनीने वसवलं तेही कापसासाठीच. १९१७ च्या सुमाराला टायरच्या आत घालायच्या धाग्यासाठी कंपनीने तिथे कापूस लावला. मी पहिल्यांदा शहराबाहेर बोंडं फुटलेलं शेत पाहिलं तेव्हा गाडी कडेला घेऊन थांबले. नवऱ्याला वाटलं पंक्चर झालं. तो सातारचा, त्याला उसाचं शेत दाखवलं असतं तर तोही थांबला असता.

म्हणजे पांढऱ्या सोन्याच्या एका मुलखातून निघून दुसऱ्यात आलो, आणि अंगावर काय, तर पॉलिएस्टर.

पुरुष मंडळी हसू नका, तुमच्याकडे येतेच आहे. कंपनीने फुकट दिलेला टी-शर्ट हा आपल्या पुरुषांचा राष्ट्रीय पोशाख झाला आहे. छातीवर २०११ सालच्या सॉफ्टवेअरचं नाव, ते सॉफ्टवेअर मेलं, कंपनी विकली गेली, टी-शर्ट जिवंत. तुमच्या वडिलांकडे नेहरू शर्ट आणि लेंगा होता की नाही? पांढरा, सैल, बगलेत कळी घातलेला. त्या कळीमुळे हात वर केला तरी शर्ट ओढला जात नाही आणि बगलेला वारा लागतो. तो घालून बघा. आणि गळ्यात काही हवंच असेल तर ॲरिझोनाने १९७१ साली बोलो टाय हा राज्याचा अधिकृत गळपट्टा ठरवला आहे, चामड्याची गोफासारखी दोरी आणि चांदीचा टिक्का. सुती झब्ब्यावर काय झकास दिसतो! माझ्या नवऱ्याने गेल्या पाडव्याला घातला होता, ज्यांनी फोटो पाहिला त्यांनी हात वर करा. बघा.

ढोल पथकाच्या झब्ब्यांबद्दल मी मागच्या बैठकीत बोलले आहे. पुन्हा बोलत नाही. फक्त एवढंच, की पुढची ऑर्डर देताना कापडाची चिठ्ठी वाचा.

चपला. उन्हाळ्यात इथलं डांबर सत्तर अंश सेल्सियसपर्यंत तापतं, पडलेल्या माणसाला भाजून दवाखान्यात न्यावं लागतं. रबरी सपाता मऊ पडतात. कोल्हापुरीला काही होत नाही, कारण ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं जाड चामडं आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने हुबेहूब तसल्या चपला चालवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, आणि आपल्याकडे ओरड झाल्यावर कबूल केलं की प्रेरणा भारतातली आहे. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसातली एक मुलगी माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "ओह, प्राडा?" मी म्हटलं, नाही, कोल्हापूरचा महाद्वार रोड. मात्र नवी कोल्हापुरी चावते हे खरं आहे. तेल लावा आणि आठवडाभर घरातच घाला, थेट मेळाव्याला नको.

माझं स्वतःचं म्हणाल तर मंगळवारी ऑफिसला जाताना सैल सुती कुडता, मलमलचा दुपट्टा आणि त्याच कोल्हापुरी. दुपट्टा गाडीपर्यंत डोक्यावर, ऑफिसात खांद्यावर, कारण बाहेर पंचेचाळीस आणि आत वीस. गाडीत एक पंचा कायम, ओला करून स्टिअरिंगवर टाकायला. दागिना एकच, इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका नवाहो बाईंकडून घेतलेली चांदीची फिरोजा जडवलेली कर्णफुलं. ती करवतकाठीवर अशी शोभतात की विचारू नका. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावच्या विणकराने काठावर तीन धोटे घेऊन करवतीचे दात काढले, इथल्या सोनाराने चांदीवर तसेच त्रिकोण कोरले; दोघांची गाठ माझ्या कानाखाली पडली. कुंडीत मोगरा आहे, इथे तो वेड्यासारखा फुलतो. आणि रंग हवे असतील तर एप्रिलमध्ये इथली पालो वेर्देची झाडं बघा. आपल्या बहाव्याचा पिवळा, फक्त घोस लोंबत नाहीत.

गेल्या डिसेंबरात नागपूरला गेले तेव्हा आईने आजीचं एक पातळ काढून दिलं. काठ विरलेला आहे, दोन ठिकाणी रफू आहे. खरं तर त्याची दुपटी व्हायची, पण घरात बाळ नव्हतं म्हणून वाचलं. ते आज मी आणलं आहे, मागच्या टेबलावर पन्ह्याच्या पातेल्याशेजारी घडी करून ठेवलंय. हात लावून बघा, उन्हात नेऊन डोक्यावर घेऊन बघा. बटाटेवडा खाल्लेले हात आधी पुसा मात्र.